मुकुटाची गोष्ट केव्हा सांगावी?

इयत्ता सातवीच्या मुलांना अजिंठ्यास न्यावयाचे ठरले, आणि नेण्यापूर्वी त्यांस काय सांगावे व काय सांगू नये, या वरकरणी साध्या प्रश्नावरून शाळेचे मुख्याध्यापक आणि चित्रकलेच्या बाई यांच्यात जो वाद झाला, त्यात मी बहुतांशी श्रोताच होतो. परंतु त्यातील पेच इतका खरा आहे की तो उतरून ठेवणे मला अगत्याचे वाटते.

प्रश्न सोळाव्या लेण्यातील एका चित्राचा होता. वाकाटक राजा हरिषेण याचा अमात्य वराहदेव याने करविलेल्या त्या विहाराच्या भिंतीवर एक स्त्री आसनावर कलली आहे. डाव्या हाताचा भार उशीवर, मस्तक झुकलेले, नेत्र अर्धोन्मीलित. एक दासी तिला मागून सावरते आहे, दुसरी वारा घालते आहे, पांढरी टोपी घातलेला एक वृद्ध दारातून आत पाहतो आहे, आणि याच प्रसंगात एक सेवक मुकुट घेऊन आला आहे. पुस्तकांतून हे चित्र ‘मरणोन्मुख राजकन्या’ या नावाने प्रसिद्ध आहे.

“हे नाव मी मुलांना सांगणार नाही,” बाई म्हणाल्या, “आणि गोष्टही सांगणार नाही. एडमंड फेल्डमन या अमेरिकन कलाशिक्षकाने चित्र पाहण्याच्या चार पायऱ्या सांगितल्या आहेत : आधी जे दिसते त्याचे वर्णन, मग रचनेचा विचार, मग अर्थ आणि सर्वांत शेवटी मूल्यमापन. बारा वर्षांच्या मुलाला गोष्ट आधी कळली की तो तिसऱ्या पायरीवर जाऊन बसतो. मग त्या स्त्रीची बोटे कशी शिथिल झाली आहेत, सगळ्यांच्या नजरा कुणीकडे वळल्या आहेत, हे पाहण्याची त्याला गरजच उरत नाही.”

“माझी हरकत नेमकी तिथेच आहे, बाई. ती राजकन्या नव्हे, आणि मरतही नाही. ती बुद्धाच्या सावत्र भावाची, नंदाची, पत्नी सुंदरी. अश्वघोषाच्या ‘सौंदरनंदा’त नंद तिचा निरोप घेतो तो तिच्या मुखावरची ओली रंगरेषा वाळण्याच्या आत परत येण्याचे वचन देऊन, आणि तो भिक्षू होतो. चित्रात परत येतो तो त्याचा मुकुट. हा मुकुट ज्याला उमगला नाही, त्याने चित्र पाहिले असे कसे म्हणावे? आपल्याजवळ असलेला दस्तऐवज दडवून ठेवायचा आणि पोराला निवाडा विचारायचा, हा त्याच्यावर अन्याय आहे.”

बाई उत्तर देणार तोच मुख्याध्यापकांनी आपला सर्वांत जड दाखला पुढे केला. “ग्रिफिथ्ससाहेबांचेच पाहा. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांना घेऊन 1872 पासून 1885 पर्यंत त्यांनी अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रतिकृती करविल्या. या चित्रातल्याहून अधिक भावदर्शन फ्लॉरेन्सच्या वा व्हेनिसच्या चित्रकारांनाही साधले नसते, असा त्यांचा अभिप्राय. इतका निष्णात डोळा, इतका दीर्घ सहवास. आणि तरी त्यांना तिथे मृत्यूच दिसला! निव्वळ पाहण्याने सत्य सापडत असते, तर त्यांना सापडले नसते काय?”

बाई बराच वेळ बोलल्या नाहीत. मलाही वाटले की त्यांचा पक्ष येथे संपला. कारण हा दाखला केवळ वादकौशल्याचा नव्हता, तो डोळ्याच्या सामर्थ्याची सीमाच दाखवीत होता.

“सर, त्यांनी जे पाहिले ते खोटे नव्हते,” त्या अखेर म्हणाल्या. “देहातले त्राण गेले आहे, भोवतालची माणसे हतबल आहेत, आता काही उपाय उरलेला नाही, हे सारे भिंतीवर आहेच. चुकले ते कारण. माझ्या वर्गातला एखादा मुलगा ‘ही मरते आहे’ म्हणाला, तर मी त्याला चूक म्हणणार नाही, ‘कशावरून?’ एवढेच विचारीन. त्याने झुकलेली मान दाखविली तर तो पुरावा. मग मी विचारीन, मरणाऱ्या माणसापाशी मुकुट कशाला आणला? त्याला उत्तर येणार नाही. ते न येणेच मला हवे आहे. कारण त्यानंतर सांगितलेली गोष्ट तो विसरणार नाही, आणि ती ऐकून तो पुन्हा चित्राकडे वळेल.”

“आणि गुण? परीक्षेत त्याच्या मताला गुण कशाचे द्यायचे?”

“मताला नाहीच द्यायचे. मतामागच्या जबानीला द्यायचे. ‘चित्र विटले आहे, मला आवडले नाही’ असे कुणी लिहिले आणि गिलावा कुठे गळला आहे, कोणता रंग टिकला आहे हे नीट टिपले, तर ‘अप्रतिम’ एवढाच शब्द लिहिणाऱ्यापेक्षा तो सरस.”

येथे माझे मत बाईंकडे झुकले; तथापि मुख्याध्यापकांची एक शंका मला आजही निरुत्तर करते. पाहण्यासाठी लागणारा अवकाश सर्वांस सारखा मिळत नाही, असे ते म्हणाले. ज्याच्या घरी पुस्तके आहेत तो मुकुटाचे कोडे आधीच सोडवून येईल, आणि ज्याच्या घरी नाहीत तो आपल्या अज्ञानास स्वतःचा मंदपणा समजेल. गोष्ट आधी सांगण्यात निदान सर्वांस समान शिधा मिळतो. बाईंनी हे मान्य केले, आणि त्या मान्यतेनेच वादाला व्यवहाराचे वळण लागले. लेण्यात अंधार, गर्दी, पहारेकऱ्यांची घाई. तेथे ही सारी प्रक्रिया व्हावयाची नाही. म्हणून शीर्षक कापून टाकलेली चित्राची मोठी प्रत आठवडाभर वर्गात लावावी, प्रत्येकाने आपली टिपणे वहीत करावीत आणि निघण्याच्या आदल्या दिवशी नंद-सुंदरीची कथा स्वतः मुख्याध्यापकांनी सांगावी, असे ठरले.

“मात्र एक अट,” बाई म्हणाल्या. “कथेनंतर त्या जुन्या टिपणांवर कुणीही लाल शाई चालवायची नाही. खाली जागा सोडून मुलांनी नवे टिपण लिहावे.”

मुख्याध्यापकांनी ती अट वेळापत्रकाच्या समासात नोंदवून घेतली.