वेदनेची मोजदाद

पारशिवनी तालुक्यातील एखाद्या स्त्रीच्या स्तनात कर्करोगाची गाठ निघाली, तर शस्त्रक्रियेसाठी तिला बहुधा नागपूर गाठावे लागते, मग ते शासकीय मेडिकल कॉलेज असो की राष्ट्रसंत तुकडोजी कर्करोग रुग्णालय. आणि तेथे गाठीचा आकार, काखेतील ग्रंथींची अवस्था, रक्तातील हिमोग्लोबिन यांची मोजणी व्हावी हे आता आपण गृहीतच धरतो. त्याच कागदांत तिच्या वेदनासंवेदनशीलतेचेही एक कलम असावे, ही मागणी मात्र पुष्कळांना चैनीची वाटते. मला ती तशी वाटत नाही. माझी तक्रार आहे ती मापाविषयी.

जखम भरते, टाके निघतात, घरची माणसे निर्धास्त होऊन आपापल्या कामाला लागतात, आणि नेमक्या त्याच सुमारास काही स्त्रियांची खरी कैफियत सुरू होते. बरगड्यांमधून निघून काखेतून दंडाच्या आतल्या अंगास जाणारी एक बारीक नस ग्रंथी काढताना ताणली वा तुटली जाते आणि मग व्रणाभोवती, काखेत, दंडात आग होते, मुंग्या येतात, चमक मारते. डेन्मार्कमध्ये २००५-०६ साली शस्त्रक्रिया झालेल्या स्त्रियांना दोन-तीन वर्षांनी विचारले असता उत्तर देणाऱ्या ३२५३ जणींपैकी ४७ टक्के स्त्रियांनी वेदना अजून असल्याचे सांगितले. तरुण वय, काखेतील ग्रंथींचे उच्छेदन आणि किरणोपचार यांचा या वेदनेशी संबंध दिसला. तथापि एकाच शल्यविशारदाच्या हातून एकच शस्त्रक्रिया झालेल्या दोघींपैकी एक धानाच्या रोवणीला जाते आणि दुसरीला चोळीचा स्पर्शही सोसत नाही, हे कोडे एवढ्याने सुटत नाही.

ते उलगडण्यासाठी वेदनासंवेदनशीलता मोजून पाहण्याच्या रीती साध्या आहेत. एक चौरस सेंटिमीटरचे रबरी टोक असलेले दाबमापक खांद्याच्या स्नायूवर सावकाश दाबीत न्यावयाचे आणि ‘आता दुखले’ असे रुग्णाने म्हणताच आकडा टिपावयाचा, ही एक. ताठ तंतूने कातडीस एकदा टोचावयाचे, मग सेकंदास एक याप्रमाणे दहादा, आणि शेवटची टोचणी पहिलीहून किती झोंबली हे विचारावयाचे, ही दुसरी. हा फरक जिच्या बाबतीत मोठा, तिच्या मज्जारज्जूत वेदनेचे संदेश वाढत जातात, असे मानतात.

तिसरी रीत प्रश्नावलीची. जर्मन संशोधकांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रश्नावलीत सतरा प्रसंग कल्पून प्रत्येकास शून्य ते दहा गुण द्यावयाचे असतात. त्यांत उघड्या हातांनी बर्फाचे गोळे करणे आहे, काचेच्या टेबलाच्या कडेवर नडगी आपटणे आहे. पारशिवनीच्या बाईने हे बर्फ पाहिले कोठे? तिचे अनुभव निराळे आहेत: चुलीवरचा गंज सांडशीवाचून पदरानेच उतरविणे, पऱ्हाटीच्या वाळल्या बोंडांनी कापूस वेचताना बोटे ओरखडली जाणे, दिवसभराच्या रोवणीनंतर कंबर सरळ करताना निघणारी कळ. शिवाय नवरा आणि मुलगा खाटेशी हजर असताना तिला आकडा विचारला, तर ‘थोडंसंच दुखते जी’ याहून अधिक तिच्या तोंडून निघणे कठीण. तो आकडा तिच्या नसांचा नसून भिडेचा असतो.

आणि येथेच खरा धोका आहे. अशा चाचण्यांवरून एकेका व्यक्तीचे भाकीत खात्रीने करता येत नाही. समूहात दिसणारा संबंधही माफकच असतो. असे असता कमी आकड्यावरून ‘ही सोशीक’ असा शेरा पडला आणि तिच्या वाट्याचे वेदनाशामक औषध कमी झाले, तर मोजणी न झालेली बरी. (सोशीकपणाचे कौतुक आपल्याकडे फुकटात होते, हे वेगळे सांगावयास नको.) मोजणीचा उपयोग एकाच दिशेने व्हावा: संवेदना तीव्र असणाऱ्या स्त्रीला चिरा देण्यापूर्वीच छातीच्या नसा बधिर करणारे इंजेक्शन मिळावे, तिच्याकडे पुढेही लक्ष राहावे, यासाठी. शस्त्रक्रियेपूर्वीच कोठे दुखत होते का, झोप लागते का, धास्ती किती आहे, हे विचारण्यास तर यंत्रही लागत नाही.

तेव्हा अशा प्रश्नावलीचा मराठी मसुदा जे करतील, त्यांनी तो प्रथम पारशिवनीसारख्या गावातील बायकांना वाचून दाखवावा, त्यांचे प्रसंग त्यात घालावेत, उत्तरे घेताना नातलगांना बाहेर बसवावे आणि तीन महिन्यांनी त्याच स्त्रीला पुन्हा विचारण्याची तजवीज करावी.