गीता ६.१७ : आई खाली उतरली

आजच्या श्लोकात भगवंत आहार, विहार, कर्म, झोप सगळं बेताने ठेवायला सांगतात. मी मात्र अति धावून टाचेमागचा अकिलिस टेंडन दुखावून बसलोय. सकाळी पहिली पावलं तर लाकडासारखी पडतात!

फिजिओने व्यायाम दिलाय: पायरीच्या कडेवर उभं राहून टाच सावकाश खाली सोडायची. १५ वेळा, ३ फेऱ्या, दिवसातून दोनदा, १२ आठवडे. तिथे रक्तपुरवठा कमी, घाई चालत नाही.

म्हणून यंदा चैत्री यात्रेत तलासरीहून डहाणूच्या महालक्ष्मीला आलो, पण गड चढलो नाही. फार लागलं मनाला. विवळवेढ्याच्या देवळात बसलो तेव्हा आजीने सांगितलेली कथा आठवली. गरोदर भक्तिणीला डोंगर चढवेना, म्हणून आईच पायथ्याशी उतरली.

संध्याकाळच्या ४५ बाकी होत्या. आरतीनंतर बाहेरच्या एका पायरीवर सावकाश मोजल्या.