कुजलेली मुळे व दयेचा विवेक

दया करणे चांगले, याविषयी आमच्या वाचकांपैकी कोणाचाही वाद नसेल. परंतु दया अगदी खरी असताही तिच्यामुळेच एखाद्याचा नाश होऊ शकतो काय? आणि तसा नाश झाल्यास, हेतू शुद्ध होता एवढ्यावरून दया करणारा निर्दोष ठरतो काय? हा प्रश्न पंडितांच्या ग्रंथांत आहे, तसाच तो आपल्या ओसरीवरील कुंडीतही आहे. आणि शेतामातीत वाढलेल्या मनुष्यास तो ग्रंथापेक्षा कुंडीत अधिक स्पष्ट दिसेल, असे वाटल्यावरून आज आम्ही कुंडीचाच विषय घेतला आहे.

आपल्या घरांपुढे बहुधा दोनचार झाडे असतात: गुलाब, मोगरा, जास्वंद, कोरफड, आणि हल्ली मनीवेल. कुंडी विकत घेणे सर्वांस साधत नाही, म्हणून तेलाच्या रिकाम्या डब्यात माती भरून झाड लावितात, व डब्याच्या बुडास भोके पाडावयाचे पुष्कळदा राहून जाते. काही महिने झाड उत्तम चालते. मग पाने पिवळी पडतात व माना टाकितात. घरची माउली म्हणते, बिचारे तहानले आहे, आणि तांब्याभर पाणी घालिते. दुसऱ्या दिवशी पाने अधिकच लोंबतात. मग दोन तांबे. शेवटी झाड मरते, त्या वेळी डब्यातील मातीचा चिखल झालेला असतो.

कारण असे आहे की, मुळांस पाण्याइतकीच हवा लागते. मातीच्या कणांमधील पोकळीत हवा असते, व तिच्यातील प्राणवायूवर मुळांचे काम चालते. ती पोकळी सदा पाण्याने भरून राहिली म्हणजे मूळ गुदमरून मऊ होते व कूज करणारे सूक्ष्म जीव त्यात शिरतात. कुजलेले मूळ पाणी ओढू शकत नाही. यास्तव झाड पाण्यात उभे असून तहानेने सुकते. आणि कठीण गोष्ट ही की, कोरड्या मातीतले झाड व बुडालेल्या मुळांचे झाड वरून जवळजवळ एकसारखेच दिसते. केवळ पानांकडे पाहून उपाय करणारा कधी ना कधी घात करणारच. मातीत दोन पेरे बोट घालून पाहण्यास क्षणभर लागतो. परंतु तो क्षण दया करणाऱ्यास नको असतो, कारण पाणी घालण्यात जे समाधान आहे ते बोट चिखलात घालण्यात नाही.

आमच्या मते प्रश्नाचे मर्म येथेच आहे. एखादा बंधू उपासनेस येईनासा होतो. उपदेशक त्याच्या दारी जाऊन बोध करितो. पुढील आठवड्यात वडीलमंडळी जाऊन आणखी बोध करितात. तो बोधावाचून सुकला आहे की बोधात बुडाला आहे, हे कोणी पाहिले काय? कदाचित त्याच्यावर कर्ज असेल, आणि ज्याचे देणे आहे तोच पुढच्या बाकावर बसत असेल. तसेच एखाद्या गरीब कुटुंबास मंडळी वर्षानुवर्षे धान्य देते व ते कुटुंब वर्षानुवर्षे अधिकच खचते. तेथे धान्य देऊ नये असे आमचे म्हणणे नाही, उपाशी मनुष्यास प्रथम भाकर हवी. परंतु डब्यास भोक आहे की नाही हे न पाहता जो ओतीतच राहतो, त्याच्या प्रीतीत थोडा आळसही मिसळला आहे, असे आम्हांस म्हणावेसे वाटते. हेतू शुद्ध असला तरी पाहण्याचे कर्तव्य शिल्लक राहते.

पाहणे म्हणजे काय, याचे एक उदाहरण एका पाळकाच्याच आयुष्यात आहे. सन 1845 मध्ये आयर्लंड देशात बटाट्याचे पीक एकाएकी काळे पडून कुजू लागले. पुढील काही वर्षांत तेथे सुमारे दहा लक्ष माणसे भुकेने व रोगाने मेली. हा देवाचा कोप आहे असे अनेकांनी व्यासपीठावरून सांगितले. विद्वानांपैकी काहींचे मत असे होते की, पावसाळी हवेत झाडाने फार पाणी शोषिले म्हणून ते आपोआप कुजले व बुरशी मागाहून आली. इंग्लंडातील नॉर्थॅम्प्टनशायर परगण्यात माइल्स जोसेफ बर्कली नावाचा एक खेड्याचा पाळक होता. त्याने सूक्ष्मदर्शक यंत्राखाली ती पाने तपासून 1846 साली लिहिले की, बुरशी हा कुजण्याचा परिणाम नसून कारण आहे. पुष्कळांनी ते मानिले नाही. 1861 साली जर्मन शास्त्रज्ञ आंटोन डे बारी याने प्रयोगाने ते सिद्ध केले, व पुढे त्या जिवास फायटॉप्थोरा, म्हणजे वनस्पतींचा नाश, हे ग्रीक नाव दिले. आज शास्त्रज्ञ त्यास खरी बुरशी मानीत नाहीत. परंतु त्याच वंशातील इतर जाती नागपुराकडील संत्र्यांची मुळे कुजवितात व त्यांच्या खोडांतून डिंक वाहवितात, हे विदर्भातील आमचे वाचक जाणतात. ह्या जिवांची बीजे पाण्यात पोहत मुळांपर्यंत जातात. म्हणून बागाईतदार खोडाभोवती मातीची भर देऊन पाणी बाहेरच्या आळ्यात सोडितात. म्हणजे ओल हे कारण मानणारे विद्वानही अगदीच चुकले नव्हते. ओलीवाचून शत्रूस वाट नाही. नाशासाठी जो 'प्थोरा' हा ग्रीक शब्द आहे, तोच पौलाने रोमकरांस लिहिताना सृष्टीच्या बंधनाविषयी योजिला आहे, हे आमच्या उपदेशक बंधूंनी ध्यानात घ्यावे. त्या दुष्काळात सृष्टीचे कण्हणे पुष्कळांनी ऐकिले. बर्कलीने ते ऐकून पानही उचलून पाहिले.

आता उपायाविषयी. झाड डब्यातून हलकेच काढावे व मुळे स्वच्छ पाण्याने धुवावी. जी पांढरट व टणक ती जिवंत. जी काळी, बुळबुळीत व दुर्गंधीची, ती मेलेली. मेलेली मुळे धारदार, स्वच्छ सुरीने जिवंत भागापर्यंत कापावी, व सुरी प्रत्येक झाडानंतर पुसून स्पिरिटने निर्मळ करावी. नाहीतर आपला हातच रोग पसरवील. मुळे कमी झाली तितका वरचा विस्तारही छाटावा, कारण थोड्या मुळांस मोठा पसारा पोसवत नाही. जुनी माती फेकून नवी माती, वाळू व थोडे कुजलेले शेणखत घ्यावे. बुडास भोके पाडावी, व ती बुजू नयेत म्हणून प्रत्येकावर खापरीचा वाकडा तुकडा ठेवावा. मग झाड सावलीत ठेवून वरची माती सुकेपर्यंत पाणी घालू नये. वरखत तर नवी पालवी दिसेपर्यंत मुळीच नको. आजाऱ्याच्या पोटात पुरणपोळी कोंबण्यासारखे ते आहे. हे हात आवरून बसणे कापण्यापेक्षाही जड जाते, असा पुष्कळांचा अनुभव आहे.

अशक्त झाडावर कीडही लवकर बसते. पानांच्या बगलेत पांढऱ्या कापसासारखे पुंजके दिसले तर तो पिठ्या ढेकूण होय. तो रस शोषितो व गोड चिकटा टाकितो. त्या चिकट्यावर काळी काजळी वाढते, आणि त्याच्याच लोभाने मुंग्या येतात. मुंग्या झाडास खात नाहीत. परंतु ढेकणास खाणाऱ्या मित्रकिड्यांस त्या हाकलून लावितात. दुसऱ्याच्या रोगावर ज्याचे पोट चालते, त्यास तो रोग बरा व्हावा असे कसे वाटेल? गावातील दारूच्या गुत्त्याचा धनी मद्यप्यास आपल्या हाताने पाजीत नाही हे खरे. तो केवळ हिशेब ठेवितो. म्हणून कीड मारण्यापूर्वी मुंग्यांची वाट तोडावी: पाण्याच्या थाळीत वीट ठेवून विटेवर कुंडी ठेवावी. मग कापसाच्या बोळ्यास स्पिरिट लावून पुंजके पुसावे. निंबोळीची पूड पन्नास ग्रॅम एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवून, गाळून, त्यात थोडा साबण मिसळून संध्याकाळी फवारावे. हा अर्क एकाएकी मारीत नाही. किडीची भूक व वाढ मंद करितो. अंड्यांतून नवी पिल्ले निघतात, यास्तव दर आठ दिवसांनी पुन्हा फवारणे भाग आहे. जीवहत्येचा प्रश्न आमचे कोमल मनाचे शेजारी काढितात, त्याचा आम्ही उपहास करीत नाही; मात्र आदामास बागेत ठेविले ते तिची मशागत व राखण करण्यास, आणि राखण म्हटली की निवड आली.

कीड लागलेली कुंडी इतर कुंड्यांपासून दूर ठेवितात. ह्या एका गोष्टीवर आम्हांस थोडे थांबावेसे वाटते, कारण आपल्यापैकी कित्येकांच्या वाडवडिलांनी बहिष्कार भोगिला आहे. विहीर, वाट व अग्नी ही त्यांस बंद झाली होती. म्हणून मंडळीत शिस्तीसाठी कोणास दूर ठेविण्याची वेळ येते, तेव्हा आपले मन कचरते, व कचरावेच. परंतु दूर ठेविलेल्या कुंडीकडे माळी दिवसातून दोनदा जातो, एवढा तो चांगल्या कुंडीकडेही जात नाही. पाने उलटून पाहतो, माती चाचपतो. बहिष्कृताकडे कोणी जात नसे. ज्यास आपण सहभागातून दूर ठेविले, त्याच्या घरी त्यानंतर आपण किती वेळा गेलो, हे मंडळीच्या वडिलांनी आपल्या मनाशी मोजावे. संख्या शून्य आली तर तिला शिस्त हे नाव देता येणार नाही.

इतके करूनही काही झाडे मरतात. लूकाच्या तेराव्या अध्यायातील माळ्याने अंजिराच्या झाडासाठी आणखी एक वर्ष मागितले, व त्या वर्षात पाणी घालण्याची नव्हे तर भोवती खणण्याची व खत घालण्याची गोष्ट काढिली. त्या झाडास फळ आले की नाही, हे प्रभूने सांगितले नाही. आपल्याही कित्येक घरांत ती गोष्ट अपुरीच आहे. मुळे सगळीच गेली असतील, पण गुलाबाची वा जास्वंदीची एखादी फांदी अजून हिरवी असेल, तर वीतभर तुकडा डोळ्याखाली तिरपा कापून, खालची पाने काढून, ओलसर वाळूत खोचावा. पावसाळ्याचे दिवस ह्या कामास बरे. त्यास मूळ फुटले की नाही हे पाहण्यासाठी रोज उपटू नये. तीनचार आठवड्यांनी हलकेच ओढून पाहावे, आणि वाळूने जर त्यास धरून ठेविले, तर त्यास नव्या मातीत, भोके पाडलेल्या डब्यात, लावावे.