पहिल्या बुलेटिनपूर्वी

चि. भाचीबाईंस,


तुझी अँकर म्हणून निवड झाल्याचं ताईने फोनवर सांगितलं. लेक रोज टीव्हीवर दिसणार, म्हणून ती खुशीत आहे. सकाळी सहाच्या बुलेटिनसाठी तुला घरून पहाटे साडेतीनला निघावं लागेल, हे मी तिला अजून सांगितलेलं नाही. ते तूच सांग.

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ला सुरू झालं. स्मिता पाटील, भक्ती बर्वे तिथे बातम्या वाचत. पुढे प्रदीप भिडे यांचा आवाज तर घरोघरी ओळखीचा झाला. डेस्कने लिहायचं आणि निवेदकाने नीट वाचायचं, असं ते काम होतं. २००७मध्ये ‘झी २४ तास’ आणि ‘स्टार माझा’ आले आणि वाचणाऱ्याला बोलावं लागू लागलं. तुझी परीक्षा तिथेच आहे. प्रॉम्प्टरवरचं वाचायला तू आठवड्याभरात शिकशील.

समज, एक इमारत कोसळलीय. रनडाउन बाजूला पडला, प्रॉम्प्टर कोरा. पीसीआरमधून, म्हणजे कंट्रोल रूममधून, कानात कुणीतरी ओरडतंय, ‘अजून ताण, लाइव्ह मिळत नाहीये.’ तुझ्या हातात खात्रीची एकच ओळ आहे. अशा वेळी जीभ आपोआप ‘अनेक जण दगावल्याची भीती’ म्हणते. ती भीती कुणी कळवली? कुणीच नाही, वेळ भरायचा होता. त्या इमारतीत राहणाऱ्याचा भाऊ नाशिकला टीव्हीपुढे बसलेला असतो, एवढं लक्षात ठेव. ठिकाण सांग, कुणाकडून काय कळलं ते सांग आणि ‘आकडा अजून हाती आलेला नाही’ हे बेधडक म्हण. दर पाच मिनिटांनी म्हण. रिपोर्टर फोनवर आला की ‘काय वातावरण आहे’ विचारू नकोस. ‘तू कुठे उभा आहेस, तुला स्वतःला काय दिसतंय’ असं विचार. तो बिचारा तुझ्यापेक्षा जास्त धापा टाकत असतो.

जास्त दाखवण्याची किंमतही मुंबईने पाहिली आहे. २६/११ला नरिमन हाउसवर उतरणारे कमांडो वाहिन्यांवर थेट दिसत होते. कसाब खटल्याच्या २०१२च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने या प्रक्षेपणावर कडक ताशेरे ओढले. सीमेपलीकडच्या सूत्रधारांना सुरक्षा दलांच्या हालचाली त्यातून कळत होत्या. २०१५पासून तर नियमच झाला: दहशतवादविरोधी कारवाई चालू असताना थेट चित्रण बंद, नेमलेला अधिकारी वेळोवेळी देईल तेवढीच माहिती. हा नियम पाठ असू दे. पीसीआरमधल्या पोराला तो ठाऊक असेलच असं नाही.

गुरुवारी रेटिंग येतं. त्या दिवशी ऑफिसातले चेहरे बघून घे, आकडे बघू नकोस. ते बघायला वरचे लोक आहेत. साडीवर, वजनावर, कपाळावरच्या टिकलीवर अनोळखी लोक लिहितील. वाचायचं नाही.

गावांची नावं मात्र मनावर घे. एटापल्ली, सिरोंचा, अक्राणी ही नावं अडखळत वाचलीस, तर त्या तालुक्यातला माणूस पुढची बातमी कशाला ऐकेल? शंका आली की तिथल्या स्ट्रिंगरला, म्हणजे स्थानिक वार्ताहराला, फोन लाव. पहाटे पाचला लावलास तरी तो रागावत नाही, उलट खूश होतो. मुंबईहून त्याला एरवी फोन येतो तो फक्त बाइट मागायला.

आणि डेस्कवर बसायला माग. हेडलाइन लिही, पॅकेजचा व्हॉइसओव्हर लिही, महिन्यातून चार दिवस तरी फील्डवर जा. नवा संपादक आला की नवे चेहरे येतात. मी डेस्कवर असताना ज्यांना फक्त चेहरा होता ते त्या वेळी गेले. ज्यांना कॉपी लिहिता येत होती ते टिकले. तुझा चेहरा चांगलाच आहे, त्याबद्दल मला काही म्हणायचं नाही.

करारावर सही करण्यापूर्वी तो मला पाठव. नोटिशीचा काळ आणि नोकरी सोडल्यावर दुसऱ्या वाहिनीत जाण्यावरची बंधनं, ही दोन कलमं मला स्वतः वाचायची आहेत.

तुझा,
मामा