दुबळी कडी कुठे असावी?

माझ्या आत्येभावाकडे एक पिकअप आहे. अडीच लिटरचं टर्बो डिझेल इंजिन, ऐंशीच्या आसपास हॉर्सपॉवर, मागे लोखंडी डाला. चामोर्शी, आष्टी, आलापल्ली, एटापल्ली हा तिचा टापू. दिवाळीनंतर धान, मे महिन्यात तेंदूपत्ता, उरलेल्या दिवसांत सिमेंट, भाजीपाला, मंडपाचं सामान. आणि माणसं. रोवण्याला निघालेल्या बाया, मिरची तोडायला तेलंगणात जाणारी कुटुंबं, लग्नाचं वऱ्हाड. मालवाहू गाडीत माणसं बसवायची नसतात हे त्यालाही ठाऊक आहे आणि बसणाऱ्यांनाही.

गेल्या उन्हाळ्यात त्याने मला एका अमेरिकन पिकअपचा व्हिडिओ पाठवला. आठ सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, त्यावर सुपरचार्जर, आकडा सातशे हॉर्सपॉवर. तिकडे अशा गाड्या कंपनीतूनच तयार मिळतात. फोर्डची रॅप्टर आर आणि रॅमची टीआरएक्स या दोन्ही सातशेच्या घरातल्या. शिवाय हौशी लोक साध्या पिकअपला सुपरचार्जर बसवून घेतात ते वेगळंच. व्हिडिओखाली भावाने लिहिलं होतं, ‘बाबू, मले सातशे नाही पायजे. शंभर होतीन का?’

पुण्यात माझा एक मित्र इंजिनाचं सॉफ्टवेअर जुळवण्याचं काम करतो, हे भावाला माहीत आहे. त्याला सुपरचार्जर नको होता, फाईल हवी होती. आजच्या डिझेल इंजिनात किती इंधन सोडायचं आणि टर्बोने किती दाब द्यायचा हे एक छोटा संगणक ठरवतो. त्यातले आकडे बदलले की पाना न फिरवता ताकद वाढते. याला गॅरेजवाले ‘रीमॅप’ म्हणतात.

मी आधी इंजिनिअरसारखाच विचार केला. सगळा खेळ हवेचा आहे. इंजिनात जितकी हवा जास्त, तितकं इंधन जास्त जाळता येतं. सुपरचार्जर इंजिनाच्याच पट्ट्यावर फिरतो आणि हवा आत दाबतो, म्हणजे जी ताकद वाढवायची तिच्यातलीच थोडी आधी स्वतः खातो. टर्बो तेच काम बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर करतो. दोन्हींत हवा दाबली की तापते, म्हणून ती गार करायला इंटरकूलर. जास्त इंधन हवं म्हणून मोठे इंजेक्टर, मोठा पंप. उष्णता वाढली म्हणून रेडिएटर. जोर वाढला म्हणून क्लच, मग गिअरबॉक्स, मग प्रॉपेलर शाफ्ट, मग मागचा अ‍ॅक्सल. हौशी लोक आधी आकडा ठरवतात आणि तिथून उलट मोजत येतात: एवढी हॉर्सपॉवर हवी तर एवढी हवा, एवढी हवा तर एवढं इंधन. या सगळ्या सामानाला ते ‘सपोर्टिंग अपग्रेड’ म्हणतात, आधार देणारे बदल. भाऊ त्याला ‘बाकीचं’ म्हणतो.

व्हिडिओतल्या माणसाची यादी मी कागदावर उतरवून घेतली. ब्रेक शेवटून दुसरे होते, टायरच्या आधी, ‘बजेट उरलं तर’ या शेऱ्यासह.

ही यादी चुकीची आहे असं मला म्हणता येईना. आकडा गाठणं हे उद्दिष्ट असेल तर ती बरोबरच आहे. ब्रेकने एकही हॉर्सपॉवर वाढत नाही. इंजेक्टर कमी पडला तर आकडा गाठता येत नाही. ब्रेक कमी पडला तरी आकडा गाठला जातो, तो यंत्रावर दिसतो, त्याचा फोटोही काढता येतो. आधार देणारे बदल कोणाला आधार देतात? आकड्याला. डाल्यात बसलेल्या बाईला आधार देणारी गोष्ट त्या यादीत योगायोगानेच येते, आली तर.

कारखाना चालवण्यावर एलियाहू गोल्डरॅट यांचं ‘द गोल’ नावाचं कादंबरीवजा पुस्तक १९८४ साली आलं. आमच्या क्षेत्रात ते अजूनही हातोहात फिरतं. त्याचा गाभा असा की कुठल्याही व्यवस्थेचा वेग तिच्या सर्वांत अरुंद जागेवर ठरतो, म्हणून ती जागा शोधा आणि रुंद करा. ती रुंद केली की अडचण दुसरीकडे सरकते. मग ती शोधा. आम्ही सर्व्हरच्या बाबतीत दिवसभर हेच करतो. पण या विचारात एक गृहीत आहे, की अरुंद जागा म्हणजे नुकसानच. घरातला फ्यूज ही सर्वांत दुबळी तार असते आणि ती मुद्दाम दुबळी ठेवलेली असते. ती जळते म्हणून घर जळत नाही.

साखळीत एक कडी सर्वांत दुबळी असणारच. ती काढून टाकता येत नाही, फक्त तिची जागा बदलता येते. म्हणून ‘दुबळी कडी कोणती’ यापेक्षा ‘ती तुटली तर कोणाचं काय तुटतं’ हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटायला लागला. भावाच्या आजच्या गाडीत दुबळी कडी आहे इंजिन. चढावर ते दमतं. वेळ जातो, डिझेल जातं, शिव्या खाव्या लागतात. नुकसान मालकाचं. इंजिन तगडं केलं तर ओझं क्लचवर येईल. क्लच घसरला तर गाडी रस्त्याच्या कडेला उभी राहील, चार-पाच तास जातील, खिसा रिकामा होईल. नुकसान अजूनही मालकाचंच. क्लचही तगडा केला की मात्र कडी सरकत सरकत ब्रेक, टायर आणि पाट्यांपर्यंत येते, आणि तिथे तुटली तर नुकसान मालकापुरतं राहत नाही.

हिशेब सोपा आहे. भरलेली गाडी तीन टनांची धरली, तर ताशी ६० किलोमीटरला तिच्यातली गतिज ऊर्जा सव्वाचार लाख ज्यूलच्या जवळपास असते. ८० ला ती साडेसात लाखांजवळ जाते. वेग एक तृतीयांशाने वाढला, पण ब्रेकला पचवायची उष्णता पावणेदोन पटींहून जास्त झाली. साधारणपणे कंपनीतून आलेल्या गाडीचे ब्रेक तिच्या इंजिनापेक्षा बलवान असतात. दुबळी कडी कुठे असावी हे तिथे कोणीतरी आधीच ठरवलेलं असतं. आपण फाईल बदलतो तेव्हा तो निर्णयही बदलतो, आणि तो निर्णय होता हेच आपल्याला माहीत नसतं.

हे सगळं मी फोनवर भावाला ऐकवलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं.

‘तुह्या गाडीची पॉवर किती आहे?’

‘एकशे पंधरा.’

‘अन् डाल्यात काय नेतेस?’

‘काही नाही.’

‘मंग मले कायले ऐंशी पुरे म्हणतेस?’

याला माझ्याकडे चांगलं उत्तर नव्हतं, आजही नाही. गरजेपुरती ताकद असावी हे ताकद असलेल्यानेच सांगावं, असा काहीसा रिवाज आहे. शिवाय त्याची बाजू हौसेची नव्हती. त्या रस्त्यांवर सुरजागडच्या लोहखनिजाचे ट्रक धावतात. दुसऱ्या गिअरवर कण्हत चढणारी पिकअप त्यांच्या पुढे असणं हाही धोकाच आहे. लवकर पुढे निघून जाण्यात त्याची सुरक्षितता आहे, असं तो म्हणतो, आणि ते खोटं नाही.

ट्रकांचा विषय निघालाच आहे तर, आकडा आधी आणि आधार नंतर हा क्रम एकट्या माझ्या भावाचा नाही. जुलै २०१८ मध्ये केंद्र सरकारने मालवाहू वाहनांच्या अक्षभाराची मर्यादा साधारण २० ते २५ टक्क्यांनी वाढवली. कागदावर एक आकडा बदलला, हीही एक फाईलच. अमेरिकेत इलिनॉय राज्यात १९५८ ते १९६० या काळात रस्त्यांची मोठी चाचणी झाली होती. तिच्यातून निघालेला ठोकताळा असा की रस्त्याची झीज अक्षभाराच्या साधारण चौथ्या घाताने वाढते. म्हणजे भार २० टक्के वाढला तर झीज दुपटीवर जाते. जंगलातला रस्ता या हिशेबात ‘बाकीचं’ ठरतो. दुबळी कडी ट्रकमधून निघून रस्त्यात येते, आणि त्या रस्त्यावरून सायकलने शाळेत जाणाऱ्या पोरांना कोणी विचारलेलं नसतं.

विचारलेलं नसणं, माझ्या मते खरी मेख इथे आहे. स्वतःचा क्लच जाळायचा हक्क भावाला आहे. पण डाल्यात बसलेली बाई पैसे देऊन बसते, गाडीत काय बदललंय हे तिला कळायचा मार्ग नाही, आणि कळलं तरी तिच्यापुढे दुसरी गाडी उभी नसते. तिची संमती होती असं म्हणायला मी धजणार नाही.

कायद्याचंही मी बोलून पाहिलं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीने मूळ ठरवलेल्या तपशिलाशी नोंदणीपत्रातला तपशील जुळणार नाही, असा बदल गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे पुन्हा स्पष्ट केलं. भाऊ म्हणाला, ‘सॉफ्टवेअर कोणाले दिसते?’ हे वाक्य मी ऑफिसातही ऐकलेलं आहे, जरा बऱ्या भाषेत.

मग त्याचा शेवटचा पत्ता आला. ‘तू नाही देशील तर दुसरा कोणी देईन. तो ब्रेकचं विचारनार पन नाही.’ हा युक्तिवाद जुना आहे आणि त्याच्या आधाराने जगात बरीच वाईट कामं झाली आहेत, हे मला कळतं. तरी त्यात एक खरा काटा आहे. मी हात झटकले तर माझे हात स्वच्छ राहतील, गाडी तशीच धावेल. डाल्यातल्या बाईला माझ्या स्वच्छ हातांचा काय उपयोग?

म्हणून मी एक अट घातली. आधी चारही ब्रेकचं काम, नवे होज, नवं ब्रेक ऑईल, चारही टायर, मागच्या पाट्यांची तपासणी. अर्धे पैसे माझे. फाईलचं त्यानंतर बोलू. मला मनातून वाटत होतं की एवढ्या खर्चाचं नाव काढल्यावर तो विषय सोडून देईल. म्हणजे ही अट प्रामाणिक नव्हती, नकार द्यायची ती सभ्य पद्धत होती.

त्याने तेंदूच्या हंगामातल्या कमाईतून सगळं करून घेतलं. बिलं पाठवली. नव्या टायरांसोबत गाडीचा फोटो पाठवला, डाल्याच्या फळीवर त्याची धाकटी मुलगी बसलेली. मी त्याच दिवशी अर्धे पैसे पाठवले.

‘थांबते आता गाडी,’ तो फोनवर म्हणाला. ‘उतारावर पाय ठेवला का जागेवर. तुहं बरोबर होतं.’

मी बरं म्हणालो.

‘आता फाईल कधी देतेस?’

याला तीन आठवडे झाले. मित्राचा नंबर माझ्याकडे आहे. पाऊस लागला आहे, रोवण्याला बाया निघाल्या असतील. काल त्याचा पुन्हा मेसेज होता, फक्त एक प्रश्नचिन्ह.