प्रार्थनेचं भाडं

वर्षाला 88 सेंट आणि रोज तीन प्रार्थना. जर्मनीतल्या आउग्सबुर्गमधल्या फुगराई या वसाहतीत राहायचं तर भाडं एवढंच. 1521 साली याकोब फुगर या धनाढ्य सावकाराने गावातल्या गरजू कॅथलिकांसाठी ती वसवली, तेव्हा वर्षाला एक ऱ्हाइन गुल्डन ठरला होता. त्याचेच आज 88 सेंट होतात. वीज, हीटिंग वेगळं. माझी उभी हयात धोबीतलावच्या लघुवाद न्यायालयात मालक-भाडेकरूंची भांडणं लढण्यात गेली, त्यामुळे वहिनीबरोबर केलेल्या रोमँटिक रोड या पर्यटनमार्गाच्या सहलीतली बाकीची गावं माझ्या लेखी मागे पडली. रोथेनबुर्गला सगळे जिथे फोटो काढतात तिथे आम्हीही काढले. न्योर्डलिंगेनचा तट वहिनीने गुडघे धरून का होईना, पूर्ण चालून संपवला. (ती रोज डोंबिवलीहून फास्ट लोकल पकडायची. हट्ट तिथला आहे.) फुगराईत मात्र मी अडकले.

पिवळसर भिंतींच्या दुमजली घरांच्या रांगा, हिरव्या झडपा, आणि दर बिऱ्हाडाला रस्त्यावर उघडणारं स्वतंत्र दार. दाराशी घंटा वाजवायची लोखंडी ओढणी. या ओढण्यांचे आकार वेगवेगळे असतात, कुठे तीन पानांचा, कुठे चिडाच्या फळासारखा. रस्त्यावर दिवे नव्हते तेव्हा अंधारात हाताने चाचपून आपलं दार ओळखता यावं म्हणून. फाटक रात्री दहाला बंद होतं. उशिरा येणाऱ्याने पहारेकऱ्याला 50 सेंट द्यायचे, बारा वाजून गेले तर एक युरो. म्हणजे दोनदा उशीर झाला की वर्षाच्या भाड्याहून जास्त भुर्दंड. आमच्या प्रत्येकीच्या प्रवेश-तिकिटात तर रहिवाशाची कित्येक वर्षं निघाली असती.

पण माझा प्रश्न उरलेल्या भाड्याचा. प्रभूची प्रार्थना, नमो मारिया आणि विश्वासांगीकार (हे शब्द वसईच्या अशिलांकडून माझ्या कानावर पडलेले) रोज एकदा म्हणायचे, फुगर आणि त्याच्या कुटुंबाच्या आत्म्यांसाठी. भाडं म्हणून दिलेली प्रार्थना ही प्रार्थना राहते का?

प्रश्न विचारायला गावही तेच हवं. 1514 मध्ये ब्रांडेनबुर्गचा आल्ब्रेश्ट माइन्झचा आर्चबिशप झाला, त्यासाठी रोमला भरायचे पैसे त्याने फुगरकडून उचलले. कर्ज फेडायला जर्मनीत पापदंडमाफीची पत्रं विकली गेली. अर्धा गल्ला रोमच्या सेंट पीटरच्या बांधकामाला, अर्धा फुगरच्या वसुलीला. याच विक्रीवर 1517 मध्ये मार्टिन लुथर उसळला. पुढच्या वर्षी पोपच्या प्रतिनिधीसमोर जाब द्यायला तो आउग्सबुर्गला आला आणि सेंट आना मठात उतरला. मठाच्या चर्चमध्ये फुगरने आधीच स्वतःसाठी चॅपल बांधून ठेवलं होतं. 1525 च्या डिसेंबरात तो वारला आणि तिथेच पुरला गेला, पण चर्च त्याच सुमाराला लुथरच्या बाजूला गेलं. मृतांसाठी केलेल्या प्रार्थनेने त्यांची सुटका होते हे लुथरपंथीयांना मान्य नाही. ज्याने मरणोत्तर प्रार्थनांची एवढी पक्की तजवीज केली, तो पहुडलाय नेमका तिथे.

लुथरच्या बाजूने विचार केला तर निकाल सोपा आहे: देवाच्या कृपेचा व्यापार, दावा फेटाळला. आपल्यालाही तो निकाल पटकन पटतो, आणि तरी नंदादीपासाठी आपल्याकडे जमिनी इनाम दिल्या गेल्या, नि आज आपण अभिषेकाचे पैसे ऑनलाइन भरून गोत्र कळवतो. माझी देवावरची श्रद्धा प्रलंबित प्रकरणांत मोडते, म्हणून मी याकडे कोर्टाच्या बाकावरून बघते. गिरगावातल्या चाळीत मालक भाडं घेईनासा झाला की भाडेकरू खूश होत नाही, घाबरतो. मनिऑर्डर करतो, ती परत आली की कोर्टात पैसे भरायला धावतो. रक्कम चहापाण्याची असते, पण पावती हातात असेल तरच तो भाडेकरू, नाहीतर मेहेरबानीवर राहणारा. फुगरने गरिबांना फुकट घर दिलं असतं तर ते याचक झाले असते. त्याने भाडं मागितलं, आणि तेही असं की ज्याची त्याला स्वतःलाच वानवा होती. सम्राटांना कर्ज देणारा माणूस मेल्यावर विणकराच्या विधवेचा ऋणको होतो. हा करार मला लुथरच्या संतापाइतकाच गंभीर वाटतो.

शिवाय प्रार्थना म्हटली की नाही, हे कुणी तपासत नाही. ज्याच्या पेढीचे हिशोब चोख म्हणून नावाजलेले, त्याने या एका येण्याची वसुली देवावर सोडली. तपासणी असती तर मीही लुथरच्या बाकावर जाऊन बसले असते.

दोन गोष्टी मात्र खटकतात. ज्यांनी टिरोलमध्ये श्वात्सच्या खाणींतून फुगरसाठी चांदी उपसली, त्यांच्या आत्म्यांचा करारात उल्लेख नाही. आणि दुसरी, विश्वासांगीकार. पहिल्या दोन प्रार्थना म्हणजे अर्ज. दुसऱ्याच्या वतीने अर्ज करायला कुणाची हरकत नसावी, मी आयुष्यभर तेच केलं. पण ‘मी हे मानतो’ ही साक्ष आहे, आणि घराच्या बदल्यात दिलेली साक्ष कुठलंही न्यायालय जपूनच ऐकेल.

हे मी वसाहतीतल्या बाकावर बसून वहिनीला समजावलं. ती मुलाच्या नोकरीसाठी रोज अथर्वशीर्षाची अकरा आवर्तनं करते.

“वन्सं, रोज म्हटलं की हळूहळू बसतं मनात,” ती म्हणाली.

“अगं, माझा आक्षेप तोच आहे.”

“आणि माझं म्हणणंही तेच,” असं म्हणून तिने पिशवीतला चिवड्याचा डबा काढला.