मार्जारन्याय



शास्त्र शिकविणारे गुरू पुष्कळ भेटतात. पण शिकलेल्या शास्त्राचा अर्थ आयुष्यात कोण सांगून जाईल, याचा नेम नसतो. मला तो डोंबिवलीच्या एका म्हाताऱ्या माउलीने सांगितला, आणि तोही हरवलेल्या मांजरीच्या निमित्ताने. हसू नका. आधी मीही हसलो होतो, आणि तेही नारदांच्या गादीवरून. म्हणून हे लिहिणे.

पाठशाळेत आम्हांला मर्कटन्याय आणि मार्जारन्याय असे दोन न्याय शिकवीत. श्रीरामानुजाचार्यांच्या संप्रदायात पुढे वडकलै आणि तेंगलै अशा दोन शाखा झाल्या. जीव तरतो तो स्वतःच्या काही यत्नाने, की केवळ देवाच्या कृपेने, हा त्यांच्यातला एक वाद. वडकलै म्हणतात, माकडिणीचे पिल्लू पाहा; उडी आई मारते, पण तिच्या पोटाला घट्ट बिलगण्याचे काम पिल्लाचे. तेंगलै म्हणतात, मांजरीचे पिल्लू पाहा. ते बिचारे काहीच करीत नाही, आईच त्याला मानेशी धरून उचलते. दोन्ही पक्ष मी परीक्षेत बिनचूक लिहिले. गुण मिळाले, बोध काही झाला नाही.

काही वर्षांपूर्वी आषाढात डोंबिवलीस सप्ताह होता. पालख्या वाटेवर होत्या. ज्यांना पायी वारी घडत नाही अशी नोकरदार आणि वृद्ध मंडळी संध्याकाळी हरिपाठाला जमत. पहिल्या दिवशी मी प्रल्हादचरित्र लावले. कुंभाराच्या पेटत्या आव्यात मांजरीची पिल्ले राहिली, कुंभारीण देवाचा धावा करीत बसली, आणि आवा उघडला तेव्हा ती पिल्ले जिवंत निघाली, ही कथा मी अशी रंगविली की बायाबापड्यांनी डोळ्यांना पदर लावले.

पुढच्याच रांगेत बसणारी, गळ्यात तुळशीची माळ असलेली एक माउली दुसऱ्या दिवशी दिसली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. चौकशी केली, तर कोणी म्हणाले, “तिची मांजर हरवली आहे, महाराज, ती शोधत फिरते.” झाले! भर कीर्तनात मी बोलून गेलो, “कोणाला विठ्ठलाचा ध्यास, कोणाला मांजरीचा!” सभा हसली. आव्यातल्या पिल्लांसाठी रडलेली सभा, बरं का, तीच हसली. आणि हसविणारा मी.

योगायोग असा, की माझा मुक्काम त्याच इमारतीत होता. रात्री बाराच्या सुमारास खाली कोणाची तरी चाहूल लागली. पाहतो तो ती माउली डोक्यावर पिशवी घेऊन पावसात, विजेरी हातात, जमिनीलगत प्रकाश टाकीत हलक्या आवाजात “मने, मने” करते आहे. मी ओशाळून खाली उतरलो. माझे बोलणे तिच्या कानी गेले होते. पण तिच्या तोंडावर राग नव्हता.

मी म्हटले, “माउली, तीन दिवस झाले. यायची असती तर आली नसती का?”

ती म्हणाली, “महाराज, ती यायला राजी आहे, पण तिला येता येत नसेल. मांजराला वर चढता येतं, उतरता येत नाही. आणि भ्यालं की ते ओरडत नाही, गप्प बसतं. दिवसा पोरांनी हाका मारमारून, ताटल्या वाजवून तिला आणखी घाबरवलं. तिला माझ्यापर्यंत येता येत नाही, म्हणून मलाच तिच्यापर्यंत जायला हवं.”

वाचकहो, पाठशाळेत सहा महिने घोकलेला न्याय मला त्या जिन्यापाशी कळला.

तिचे बोलणे खोटे नव्हते. मांजराची नखे मागे वळलेली असतात; चढताना ती सालीत रुततात, पण डोके खाली करून उतरताना त्यांची पकड लागत नाही. उतरायचे तर शेपटीच्या बाजूने मागे सरकत यावे लागते, आणि भ्यालेल्या जीवाला ते सुचत नाही. घर सोडलेले मांजर फार लांब जाते असेही नाही. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, सापडलेल्या मांजरांपैकी सुमारे तीन चतुर्थांश ज्या ठिकाणाहून हरवली तेथून ५०० मीटरांच्या आतच मिळाल्याचे दिसून आले.

मी विजेरी धरली. गॅलरीलगत जांभळाचे झाड, झाडाला लागून शेजारची इमारत. दुसऱ्या मजल्याच्या सज्जावर, पावसाच्या पाण्याच्या नळामागे दोन हिरवे ठिपके चमकले. घरापासून पुरती तीस पावलेही नव्हती! तिसऱ्या मजल्यावरच्या बिऱ्हाडाला उठविले. त्यांच्या मुलाने खिडकीतून दोरीला टोपली बांधून सोडली. टोपलीत माउलीचे जुने, न धुतलेले लुगडे. आम्ही सगळे गप्प बसलो. ओळखीचा वास घेत घेत, काकड आरतीची वेळ होत आली तेव्हा मनी टोपलीत शिरली. त्या मुलाने अलगद ओढून घेतली, तर तिने त्याच्याच हाताला ओरखडा काढला. माउली म्हणाली, “राहू दे बाळा, भ्यालेली आहे.” आपल्याला वर काढणाऱ्या संतांना आपणही दुसरे काय दिले?

ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात माउलींनी अहिंसेचे लक्षण फार विस्ताराने सांगितले आहे. अहिंसक पुरुषाचे पाऊल जमिनीवर कसे पडते? तर मांजरी ममतेने पिल्लू तोंडात धरते, तेव्हा तिचे दात त्याला जसे लागतात, तसे. दात तेच, उंदराचा जीव घेणारे. पण पिल्लाला ओरखडाही नाही. मी गादीवरून बोललो तेव्हा माझ्या जिभेने मात्र दाताचे काम केले होते. दुसऱ्या दिवशी त्याच गादीवरून, त्याच सभेपुढे मी त्या माउलीची क्षमा मागितली. ती पुढच्या रांगेत होती. मान खाली घालून टाळ वाजवीत राहिली.

म्हणून सांगणे एवढेच. आपल्या दारचा मुका जीव हरवला तर “येईल आपला” म्हणून निजू नका. रात्री, शांतपणे, घराजवळच शोधा. जिन्याखाली, पंपाच्या खोलीत, उभ्या गाडीखाली पाहा. जागा उंच, अवघड असेल तर जिवावर उदार न होता अग्निशमन दलाला १०१ वर कळवा. जीवमात्रांविषयी दया बाळगणे हे १९७६ पासून आपल्या राज्यघटनेतही नागरिकाचे कर्तव्य म्हणून लिहिलेले आहे. वारकऱ्याने ते माळ घातली त्याच दिवशी पत्करलेले असते.

आणि घरातला कोणी माणूस असाच रुसून, भिऊन, उंच कुठेतरी अडकून गप्प बसला असेल, तर ताटल्या वाजवू नका. त्याला उतरता येत नसेल. आपणच जावे. पुंडलिकाला वैकुंठाला जाता आले नाही, आईबापांच्या सेवेत तो गुंतला होता. तेव्हा देवच त्याच्या दाराशी आला आणि विटेवर उभा राहिला. तो अजून तेथेच आहे.

पुंडलिक वरदे हारि विठ्ठल!